गुरवाचा निकाल

२८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत ४४व्या बुद्धिबळ ऑलिंपियाडचं उद्घाटन झालं. समारंभाची जागा होती जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियम, एग्मोर स्टेशनपासून फार लांब नसलेली. भारतात ऑलिंपियाड प्रथमच होत होतं. त्या व्यासपीठावरून पंतप्रधानांनी तिरुपूवनूरच्या चतुरंग वल्लभनाथर मंदिराचा उल्लेख केला. देव जिथे राजकन्येशी बुद्धिबळ खेळला, असं ते मंदिर.

हे देऊळ तिरुवारूर जिल्ह्यात नीडामंगलमजवळ आहे. हा मुलूख एकेकाळी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात होता. स्थळपुराण सांगतं की राजाला एक मुलगी होती, राजराजेश्वरी. बुद्धिबळात तिला कोणी हरवू शकत नसे. जो हरवेल त्यालाच मुलगी देईन, असं राजानं जाहीर केलं. कित्येक आले आणि हरून गेले. मग एक म्हातारा साधू आला, पटावर बसला आणि जिंकला. तो साक्षात शंकर होता, आणि राजकन्या पार्वतीचाच अवतार. म्हणून तिथला देव चतुरंग वल्लभनाथर, चतुरंगात निष्णात असलेला स्वामी.

भाविकाला ही कथा गोड वाटते. पण आज स्पर्धेच्या दालनात बसणारा खेळाडू ती ऐकेल, तेव्हा त्याच्या मनात वेगळाच विचार येईल. ना नाव, ना मानांकन, ना मागची कामगिरी. असा एक म्हातारा येतो आणि कधीही न हरलेल्या खेळाडूला हरवतो. आजच्या स्पर्धेत पंचांनी त्याला बाजूच्या खोलीत नेलं असतं, झोळी उलटीपालटी केली असती, जटांवरून धातुशोधक फिरवला असता. राजानं यातलं काही केलं नाही. त्यानं डाव पाहिला आणि निकाल मानला.

राजासारखं वागणं आज शक्य आहे का, आणि शक्य नसेल तर हरलेल्यानं जिंकलेल्याशी कसं वागावं, हा प्रश्न क्रीडा संघटनांच्या नियमावलीत पूर्णपणे मावत नाही. तो श्रद्धेचा, न्यायाचा आणि माणसानं माणसाबद्दल काय मानावं याचा प्रश्न आहे.

संशयाला आधार नाही असं कोणी म्हणू नये. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र चांगलं थोरलं कपाट होतं. आज जगज्जेत्याला सहज हरवील असा प्रोग्रॅम खिशातल्या फोनवर चालतो. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीतल्या सुब्रोतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत एका खेळाडूच्या कापडी टोपीत शिवलेलं ब्लूटूथ उपकरण सापडलं. दीड वर्षात त्याचं मानांकन पाचशेहून अधिक गुणांनी वाढलं होतं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघानं त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. २०१० च्या खांटी-मान्सिस्क ऑलिंपियाडमध्ये फ्रान्सच्या संघातच कट शिजला होता. फ्रान्समध्ये बसलेला एकजण संगणकाची चाल मोबाइलवर पाठवायचा आणि संघाचा प्रशिक्षक दालनात ठरावीक टेबलापाशी उभा राहून ती खेळाडूला कळवायचा. २०१५ मध्ये दुबईत गायोझ निगालिद्झे या जॉर्जियन ग्रँडमास्टरचा फोन स्वच्छतागृहात लपवलेला सापडला. २०१९ मध्ये स्ट्रासबूर्गला ५८ वर्षांचे इगोर्स राउसिस असेच पकडले गेले. या दोघांचाही ग्रँडमास्टर किताब काढून घेतला गेला.

थोडक्यात, चोर आहेत. अडचण आहे ती पुढची. चोर आहेत हे कळल्यावर प्रत्येक अनोळखी चेहरा चोराचा दिसू लागतो.

आपल्या प्रवीण ठिपसे यांचा अनुभव इथे तपशिलानं पाहावा असा आहे. ठिपसे मुंबईचे. विश्वनाथन आनंद आणि दिब्येंदू बारुआ यांच्यानंतर ग्रँडमास्टर झालेले तिसरे भारतीय. २०१५ मध्ये दिल्लीतल्या डॉ. हेडगेवार खुल्या स्पर्धेत त्यांच्यासमोर खूपच कमी मानांकनाचा एक तरुण बसला होता. तो चांगला खेळत होता, पण ठिपसे यांना खटकलं ते त्याचं चांगलं खेळणं नव्हे. साधी, उघड चाल असो की डोकं पिकवणारी, तो सारखाच वेळ घेत होता, सुमारे दोन मिनिटं. माणूस असा विचार करत नाही. प्यादं मारल्यावर ते परत मारायचंच असेल तर हात आपोआप जातो, आणि पट गुंतागुंतीचा झाला की वीस वीस मिनिटं निघून जातात. प्रत्येक चालीला एकसारखा वेळ लागतो तो निरोप जाऊन यायला. झडती झाली तेव्हा त्या तरुणाच्या पायांना बांधलेले दोन मोबाइल आणि कानातलं बारीकसं श्रवणयंत्र सापडलं. चाली दूरवर बसलेल्या मित्राकडून येत होत्या.

इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी एक खूण दिसली, आणि ती समोरच्याच्या ताकदीवर नव्हे तर वागण्यावर बोट ठेवणारी होती. ती पंचांच्या कानावर गेली, पंचांनी तपासलं, वस्तू हाती लागली, आणि त्यानंतरच त्या तरुणाला लबाड म्हटलं गेलं. ठिपसे यांच्यासारख्या अनुभवी माणसाला आतून खात्री वाटली असेलही. पण खात्री वाटणं आणि ठरणं यांच्यामध्ये पंच आणि झडती उभी होती. हे अंतर राखलं गेलं म्हणून तो न्याय ठरला.

सात वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, अमेरिकेत सेंट लुईसच्या सिंकफील्ड चषकात हे अंतर राखलं गेलं नाही. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन पांढऱ्या मोहऱ्यांनी १९ वर्षांच्या हान्स नीमनकडून हरला. पारंपरिक वेळेच्या प्रकारात सलग ५३ डाव तो अपराजित होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्पर्धाच सोडली आणि एक सूचक चित्रफीत टाकली. त्यात एक फुटबॉल प्रशिक्षक म्हणतो की मी बोललो तर मोठ्या अडचणीत येईन. बोलला काहीच नाही, पण जगानं ऐकायचं ते ऐकलं. स्पर्धेत लगेच थेट प्रक्षेपण १५ मिनिटं उशिरानं दाखवायला सुरुवात झाली आणि झडती कडक झाली. बारा आणि सोळा वर्षांचा असताना ऑनलाइन लबाडी केल्याचं नीमननं कबूल केलं. पटावर मात्र कधीच नाही, असं त्यानं ठामपणे सांगितलं. काही दिवसांनी दोघे ऑनलाइन समोरासमोर आले तेव्हा कार्लसननं एक चाल खेळून डाव सोडला. २६ सप्टेंबरच्या निवेदनात तो अखेर उघड बोलला. त्याच्या कारणांतलं एक असं होतं की निर्णायक क्षणी नीमन तणावात वाटत नव्हता, त्याचं पूर्ण लक्षही डावावर दिसत नव्हतं.

समोरचा घाबरला नाही, हा पुरावा झाला. हे वाक्य शांतपणे पुन्हा वाचलं तर अंगावर काटा येतो. चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळानं ऑक्टोबरमध्ये ७२ पानांचा अहवाल काढला आणि शंभरहून अधिक ऑनलाइन डावांत नीमननं बहुधा लबाडी केली असावी, असं म्हटलं. पटावरच्या खेळाबद्दल मात्र त्या अहवालालाही ठाम काही सांगता आलं नाही. बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन हे अशा संख्याशास्त्रीय तपासातले सर्वांत जाणते मानले जातात. त्यांनाही त्या डावात लबाडी दिसली नाही. पुढे नीमनचा १० कोटी डॉलरचा दावा, तो फेटाळला जाणं, ऑगस्ट २०२३ मधली तडजोड, असं सगळं घडलं. डिसेंबर २०२३ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या आचारसंहिता आयोगानं योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला १० हजार युरोंचा दंड केला. बिनबुडाचा आरोप केल्याच्या ठपक्यातून मात्र त्याला मोकळं केलं.

हे प्रकरण वाचताना मराठी माणसाला सोळा सोमवारची कहाणी आठवल्यावाचून राहणार नाही. श्रावणात घराघरांत ती ऐकलेली असते. आटपाट नगरातल्या महादेवाच्या देवळात शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसतात. डाव संपल्यावर पार्वती गुरवाला विचारते, कोण जिंकलं? गुरव शंकराचं नाव सांगतो. पार्वतीला राग येतो, ती शाप देते आणि गुरवाच्या अंगावर कोड उठतं. पुढे अप्सरा येतात, व्रत सांगतात, गुरव बरा होतो. आपण सगळे व्रताकडे धावतो आणि गुरवाचा अपराध काय होता, हे विचारायचं विसरतो.

त्यानं डाव पाहिला होता की नाही, कहाणी सांगत नाही. शंकराच्या देवळातला तो गुरव. शंकराचं खातो, शंकराची पूजा करतो. त्याच्या जिभेवर शंकराचंच नाव यावं, यात नवल काही नाही. तो खोटं बोलला असं आपण सहज म्हणतो, पण कदाचित त्याला ते खरंच वाटलं असेल. महादेव खेळायला बसल्यावर दुसरं कोण जिंकणार? पटाकडे न पाहता खेळणाऱ्याच्या मोठेपणाकडे पाहून त्यानं निकाल दिला असावा. शाप त्याला भोवला तो याचा.

२०२२ च्या सप्टेंबरात जगभर असे हजारो गुरव झाले. त्यातल्या बहुतेकांना त्या डावातल्या दहा चालीही समजल्या नसतील. पण मोठा खेळाडू हरला, तेव्हा धाकट्यानं काहीतरी केलंच असणार, हे त्यांना लगेच कळलं. आपल्याकडेही असे गुरव नवे नाहीत. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं. स्त्रियांना राष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा युवे यांना द्यावा लागला. तिथे लबाडीचा आरोप नव्हता, पण दोष तोच होता. पट मांडण्याआधीच कोणी जिंकायचं आणि कोणी खेळायचं, हे नाव आणि रूप पाहून ठरवायचं.

आता तिरुपूवनूरच्या म्हाताऱ्याकडे परत येऊ, कारण त्याच्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो पोरकट नाही. सर्वज्ञ देवानं माणसाचं सोंग घेऊन मुलीशी खेळायचं, ही लबाडी नव्हे का? बुद्धीला यंत्राची जोड मिळणं आणि माणसाच्या देहात देव असणं, यांत फरक काय?

फरक आहे, आणि सगळा प्रश्न त्यातच आहे. त्या साधूनं आपलं नाव लपवलं, चाल लपवली नाही. पटावर ठेवलेलं प्रत्येक मोहरं त्यानं स्वतःच्या विचारानं ठेवलं. समोरचा आपल्याहून किती बलवान आहे, याच्याशी लबाडीचा संबंध नाही. चाल कोणाची, एवढाच प्रश्न आहे. गीतेनं कर्मावर अधिकार सांगितला, फळावर नाही. फोन लपवून खेळणारा नेमकं उलटं करतो. कर्म दुसऱ्यावर सोपवतो आणि फळावर हक्क सांगतो. त्या विजयात तो स्वतः कुठेच नसतो.

चेन्नईच्या आनंदनं हे एका प्रसंगात फार सौम्यपणे दाखवलं. १३ जून २०२१ रोजी कोविड मदतनिधीसाठी त्यानं आमिर खान, रितेश देशमुख, युझवेंद्र चहल अशा नामवंतांशी ऑनलाइन प्रदर्शनी डाव खेळले. त्यात उद्योजक निखिल कामत यांनी त्याला हरवलं. चाली पाहून जाणकार चकित झाले. दुसऱ्याच दिवशी कामत यांनी जाहीर केलं की डावाचं विश्लेषण करणाऱ्या लोकांची आणि संगणकाची मदत घेतली होती, आणि माफी मागितली. आनंद इतकंच म्हणाला की मी पटावरच्या स्थितीनुसार खेळलो, सगळ्यांकडून तीच अपेक्षा होती. त्यानं प्रकरण पुढे रेटलं नाही. चेस डॉट कॉमनं बंद केलेलं कामत यांचं खातं पुन्हा सुरू केलं. पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला आपण कुठे हरलो आणि कुठे हरलो नाही, याची खूण मनाशी पक्की होती. त्यासाठी आरडाओरड करण्याची त्याला गरज वाटली नाही.

पण कामत यांनी कबुली दिली म्हणून हे कळलं. कबुली नसेल तर? संगणकानं सुचवलेली घोड्याची चाल आणि प्रतिभेतून सुचलेली घोड्याची चाल पटावर सारखीच दिसते. चालीवर कर्त्याची सही नसते. जुन्या नैयायिकांनी या जागेचा कसून विचार केला होता. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण अग्नी दिसला म्हणून धूर आहेच असं म्हणता येत नाही. धुराला ओलं सरपण लागतं, आणि लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. यंत्राची मदत घेणारा अचूक खेळतो, हे खरं. म्हणून अचूक खेळणारा यंत्राची मदत घेतो, हे खरं नाही. हा हेत्वाभास आहे, आणि जगज्जेत्यानं केला तरी तो हेत्वाभासच राहतो.

मग रीगन यांच्यासारख्यांचं गणित निरुपयोगी का? मुळीच नाही. राउसिस यांच्या मानांकनाची उतारवयातली चढण कित्येकांना खटकत होती आणि फिडेची त्यांच्यावर नजर होती. आकड्यांनी कुठे पाहायचं ते दाखवलं. गुन्हा ठरला तो फोन हाती लागल्यावर. अनुमानानं वाट दाखवावी आणि प्रत्यक्षानं निकाल द्यावा, इतकं साधं हे आहे. एग्मोरच्या दंडाधिकारी न्यायालयात पाकीटमारीच्या आरोपीलाही हाच हक्क मिळतो. सिद्ध करण्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर असतं, आणि आरोपी ऐटीत उभा होता म्हणून कोणी त्याला दोषी ठरवत नाही. पाकीटमाराला मिळतं ते १९ वर्षांच्या बुद्धिबळपटूला मिळू नये?

संशय घेणाऱ्याचंही यात काही भलं होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारला कार्लसन कझाकस्तानच्या अलिशेर सुलेमेनोव्हकडून हरला. नंतर त्यानंच सांगितलं की समोरच्याच्या मनगटावर घड्याळ दिसल्यावर आपलं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, आरोप मात्र करायचा नाही. घड्याळ साधं काट्यांचं होतं. संशयाची सवय लागलेल्या मनाला ते पुरलं. दुबईत निगालिद्झेला पकडून देणारा तिग्रान पेत्रोसियान हा अर्मेनियन ग्रँडमास्टर २०२० मध्ये स्वतःच ऑनलाइन लीगमधल्या लबाडीच्या ठपक्याखाली चेस डॉट कॉमवर कायमच्या बंदीला सामोरा गेला. त्यानं आरोप फेटाळला. आरोप करणारा आणि आरोपी यांच्या जागा इतक्या जवळजवळ असतात.

आणि अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की. माजी जगज्जेता क्रामनिक त्याच्यावर वर्षभर जाहीर शंका घेत राहिला. काही सिद्ध झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नारोडित्स्की गेला, वय २९. त्याच्या मृत्यूचा आणि आरोपांचा संबंध इथे जोडायचा नाही. तो जोडणं म्हणजे पुन्हा पट न पाहता निकाल देणं. पण जाण्यापूर्वी त्या आरोपांनी आपल्याला किती त्रास दिला, हे तो स्वतः बोलला होता. फिडेनं नोव्हेंबरमध्ये क्रामनिकविरुद्ध आपल्या आचारसंहिता आयोगाकडे तक्रार दाखल केली. बिनबुडाचा आरोप हाही फिडेच्या नियमांत अपराध आहे, आणि तो तसा मानला जायला हवा. लबाडी करणारा एक डाव चोरतो. खोटा आरोप करणारा समोरच्याचे याआधी जिंकलेले आणि यापुढे जिंकायचे सगळे डाव चोरतो.

तिरुपूवनूरचा राजा भाबडा होता, असं म्हणून सुटता येणार नाही. आज त्याच्यासारखं नुसतं बसून चालणार नाही. झडती हवी, धातुशोधक हवा, प्रक्षेपणाला विलंब हवा, आणि तो पहिल्या पटापासून शेवटच्या पटापर्यंत सारखा हवा. जिंकलेल्या अनोळखी पोराला तेवढं बाजूला घ्यायचं आणि नामांकिताला सलाम करून सोडायचं, ही गुरवाचीच पद्धत झाली. सगळ्यांची तपासणी होते तिथे कोणाचाच अपमान होत नाही.

चेन्नईत काय किंवा नागपूर-पुण्यात काय, सुट्टीच्या दिवशी मानांकन स्पर्धांच्या दालनाबाहेर पालक ताटकळत उभे असतात. आपलं पोर कमी मानांकनाच्या मुलाकडून हरून बाहेर आलं की त्या गर्दीत पहिली कुजबुज सुरू होते. त्या पालकांना विनंती आहे. आधी मुलाच्या हातातला चालींचा कागद पाहा आणि कुठे चुकलं ते त्याच्यासोबत शोधा. तरीही शंका राहिली तर ती लेखी स्वरूपात पंचांकडे द्या, आणि त्यांचा निकाल येईपर्यंत समोरच्या मुलाचं नाव कोणापुढे घेऊ नका.